माकडानं फांदी बदलली

ब्रेमरहाफेनच्या मासळीबंदरात
बोटींना दोर, डिझेल आणि कांदे पुरवणाऱ्या कंपनीतून
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी नऊ जुने संगणक उचलले,
नऊ नवे मांडले. चंदेरी, पातळ, वेगळ्या घराण्यातले.
माझं काम तेवढंच: तारा, पासवर्ड, शेवटी सही.

विबके हार्म्सेनबाईंनी सही केली नाही.
"आधी लिहून बघते," म्हणाल्या.

एकतीस वर्षं त्या पडद्याकडे बघून टंकतात,
खाली कधीच नाही.
एफवर एक उंचवटा, जेवर एक,
तेवढ्या दोन तिळांवरून दहा बोटं आपलं घर ओळखतात.

पहिल्याच ओळीत कांदे बिघडले.
आमच्याकडे कांदा झेडनं सुरू होतो,
पडद्यावर तो वायनं उगवला.
चूक माझी, मांडणी अमेरिकन राहून गेली होती.
मी ती जर्मन केली. कांदे जागेवर आले.

मग नक्कल.
करंगळी सवयीनं डाव्या कोपऱ्यात गेली.
कळ तिथंच होती, नावही तेच,
पण निवृत्त कारकुनासारखी,
ऑफिसात येते, बसते, कुणाचं काही करत नाही.
"ते काम आता अंगठ्याकडे," मी म्हणालो.
"बरं," बाई म्हणाल्या. अंगठ्यानं ऐकलंही.

मग ते चिन्ह, ज्याच्यावाचून पत्ता पोचत नाही.
आम्ही त्याला बिलगलेलं माकड म्हणतो,
स्वतःचंच शेपूट स्वतःभोवती गुंडाळून बसलेलं.
जुन्या फळीवर ते क्यूवर राहायचं:
उजवा अंगठा खाली, डावी करंगळी वर. झालं.
नव्या फळीवर तोच अंगठा, तीच करंगळी
म्हणजे हुकूम: आवरा. सगळं. आत्ता.

बाईंनी लिहिलं त्यार्क. मग माकड.
खिडकी मिटली.
पुन्हा उघडली. त्यार्क. माकड.
मिटली.
त्यार्क.
मिटली.

चौथ्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवले.
"बघ," म्हणाल्या, "यालाही वाटतंय
मी लिहू नये."
त्यार्क कोण, मी विचारलं नाही.

"कळा फिरवून देतो," मी म्हणालो, "दोन मिनिटं लागतील.
नव्या घरात जुनी वाट."
"नको. उद्या हाही डबा जाईल,
दुसरा येईल, आणि तू नसशील.
बोटांनाच सांगते. कुठे गेलंय ते?"

"एलवर. डावा अंगठा,
आणि उजव्या हाताची अनामिका."

आमच्याकडे लग्नाची अंगठी त्याच बोटात घालतात.
तिथं फिकट वळ होता, अंगठी नव्हती.
मी पडद्याकडे बघत राहिलो, त्याही.
अनामिका उचलली गेली, थांबली,
आणि एखादं दार वाजवावं तशी खाली आली.

माकड बसलं होतं.
खिडकी उघडीच.

कागद मात्र टेबलावर तसाच राहिला.

मार्चमध्ये प्रिंटरसाठी गेलो.
बाई पडद्याकडे बघून टंकत होत्या,
बोटं न विचारता जात होती.
"त्यार्कचं उत्तर आलं," त्या स्वतःहून म्हणाल्या,
"ट्रोम्सोहून. दोन ओळी. हवामानाच्या.
माझंच आहे ना पोर, जास्त कसं लिहील!"

मग खुर्ची माझ्याकडे वळवली.
"पण घरी अजून जुनाच संगणक आहे रे.
काल रात्री त्याला लिहायला बसले
आणि अनामिका गेली एलवर.
काहीच झालं नाही.
माकड नाही, आणि बंदही नाही पडलं.
मी किती वेळ नुसती बघत बसले
हातांकडे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढत होतो,
अर्धा आला, अर्धा आतच फाटला.

बाईंनी खण उघडला.
नोव्हेंबरचा माझा कागद काढला,
सही केली,
आणि तारीख घातली आजची.